नर्सिंगचा फॉर्म भरायच्या दोन वर्षं आधी

"ताई, नर्सिंगचा फॉर्म कधी निघतो?" कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट, सॅन होजे, सनीव्हेल, फोन कुठूनही येवो, पहिला प्रश्न हाच असतो. मी उलट विचारते, "अ‍ॅनॅटॉमीला जागा कुठे मिळतेय?" मग पलीकडे क्षणभर शांतता. आपल्या डोक्यात प्रवेश म्हणजे फॉर्म, मेरिट लिस्ट, पहिली फेरी, दुसरी फेरी. इथल्या कम्युनिटी कॉलेजातल्या, म्हणजे दोन वर्षांची पदवी देणाऱ्या स्थानिक सरकारी कॉलेजातल्या, नर्सिंगला फॉर्म सगळ्यात शेवटी येतो. तो भरायला तासभर पुरतो. त्यात लिहायचं काय, हे जमवायला दोन वर्षं जातात, आणि जागा मिळणार की हुकणार हे त्या दोन वर्षांतच ठरून जातं.

मी कॉमर्सची. नाशिकहून लग्न करून कॅलिफोर्नियात आले, मुलगी शाळेत जायला लागल्यावर कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं, आणि आता मेडिकल-सर्जिकल वॉर्डात आरएन, म्हणजे परवानाधारक नर्स (रजिस्टर्ड नर्स), म्हणून काम करते. वाटेत ज्या गोष्टी कोणी सांगितल्या नाहीत त्या इथे लिहिते आहे. हे सगळं कॅलिफोर्नियापुरतं आहे. न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये असाल तर साधारण वाट अशीच, पण नियम तिथल्या कॉलेजचेच धरा.

आधी हे पाहा की ही वाट तुमची आहे का

भारतात जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेलं असेल तर पुन्हा पहिलीपासून सुरू करू नका. तुमची कागदपत्रं थेट राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे जातात आणि बोर्डाने मान्य केलं की एनक्लेक्स ही परवान्याची परीक्षा देता येते. कॅलिफोर्नियाचं बोर्ड एका गोष्टीवर फार अडतं: एखाद्या विषयाचा वर्ग आणि त्याच विषयाची हॉस्पिटलमधली ड्यूटी बरोबरीने झाली होती का. आपल्याकडे बऱ्याचदा वर्ग आधी आणि पोस्टिंग नंतर, त्यामुळे बोर्ड कमतरता दाखवतं. ती एक-दोन विषयांपुरती भरून काढता येते. म्हणून बोर्डाचं पत्र हातात आल्याशिवाय पुढचा निर्णय घेऊ नका.

दुसरी गोष्ट व्हिसाची, आणि ही मी प्रत्येकीला दोनदा सांगते. एच-४ वर, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, शिकता येतं. कॅलिफोर्नियात वर्ष आणि एक दिवस राहून इथेच राहण्याचा इरादा कागदोपत्री दाखवता आला, तर एच-४ वाल्यांना रहिवाशांची फी लागू होऊ शकते. ती युनिटला ४६ डॉलर आहे (युनिट म्हणजे विषयाचं वजन मोजायचं माप, क्रेडिट). प्रीरेक, म्हणजे नर्सिंगच्या प्रवेशाआधी पूर्ण करायचे विषय, धरून सत्तर-ऐंशी युनिट झाली तरी नुसती फी साडेतीन हजारांच्या आसपास. रहिवासी नसाल तर त्याच्या कितीतरी पट. ड्रायव्हिंग लायसन्स, घराचा करार, टॅक्स रिटर्नवर तुमचं नाव, हे आल्याबरोबर करून ठेवा. पण शिकता येणं वेगळं आणि नोकरी करता येणं वेगळं. वर्क परमिट नसेल तर आरएनचा परवाना हातात असूनही घरी बसावं लागतं. २०१५ पासून ज्यांच्या जोडीदाराची आय-१४० (ग्रीन कार्डच्या वाटेवरचा कंपनीचा अर्ज) मंजूर झाली आहे अशा एच-४ वाल्यांना परमिट मिळू शकतं. नर्सिंगच्या साध्या नोकरीवर स्वतःचा एच-१बी मिळवणं मात्र जवळजवळ अशक्य, कारण त्यासाठी पदवी अनिवार्य असलेलं काम लागतं. हा हिशेब नवरा-बायकोंनी बसून आधी मांडा. एक बाई माझ्या माहितीत आहेत, शिक्षण पूर्ण, परीक्षा पास, आणि तीन वर्षं परमिटची वाट पाहत होत्या. त्यांची घालमेल मी जवळून पाहिली आहे.

आणि "दोन वर्षांची पदवी म्हणजे कमी दर्जाची नर्स" असं कोणी सांगितलं तर मनाला लावून घेऊ नका. दुसऱ्या महायुद्धानंतर नर्सेसचा तुटवडा पडला तेव्हा मिल्ड्रेड मॉन्टॅग यांनी १९५१ साली ही दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची कल्पना मांडली आणि १९५२ मध्ये सात ठिकाणी प्रयोग सुरू झाला. तेव्हापासून ही असोसिएट डिग्री, म्हणजे एडीएन, चालू आहे. बीएसएन, म्हणजे चार वर्षांची नर्सिंगची पदवी, केलेली मुलगी आणि एडीएन केलेली मुलगी एकच एनक्लेक्स देतात, परवानाही एकच. मोठी हॉस्पिटलं बीएसएनला झुकतं माप देतात हे खरं, पण ते नोकरी करता करता पुढे पूर्ण करता येतं.

पहिला कागद: गुणांचा तक्ता

कोणताही विषय घेण्याआधी हे करा. तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरातली सगळी कम्युनिटी कॉलेजं काढा. आमच्या भागात डी अँझा, एव्हरग्रीन व्हॅली, ओहलोनी, शबो अशी नावं येतील. प्रत्येकाच्या नर्सिंग विभागाचा प्रवेशाचा तक्ता, म्हणजे कशाला किती गुण ते सांगणारा कागद, उतरवून घ्या आणि एका वहीत शेजारी शेजारी मांडा.

जागांपेक्षा अर्ज जास्त आले की कॉलेज दोनपैकी एक रीत वापरतं. एक म्हणजे लॉटरी: किमान अटी पूर्ण करणाऱ्यांची नावं चिठ्ठीत. दुसरी म्हणजे अनेक निकषांवर गुण. कॅलिफोर्नियाच्या शिक्षण कायद्यातच हे निकष दिले आहेत: आधीची पदवी, प्रीरेकचे ग्रेड, आरोग्यक्षेत्रातलं काम, आयुष्यातली परिस्थिती, इंग्रजीखेरीज भाषा, आणि प्रवेशपरीक्षेचा स्कोअर. कशाला किती गुण द्यायचे हे प्रत्येक कॉलेज आपलं आपण ठरवतं. एका ठिकाणी कामाच्या अनुभवाला भरपूर वजन, दुसरीकडे ग्रेडलाच सगळं. म्हणून "सगळीकडे चालेल असं करते" म्हणून भागत नाही. दोन-तीन कॉलेजं नक्की करा आणि त्यांच्या तक्त्याच्या मापाने पुढची दोन वर्षं आखा.

वहीत एक रकाना सेमिस्टर आणि क्वार्टरसाठीही ठेवा. डी अँझा क्वार्टरवर, म्हणजे छोट्या सत्रांवर, चालतं, आजूबाजूची बरीचशी कॉलेजं सेमिस्टरवर, म्हणजे लांब सत्रांवर. क्वार्टरची दीड युनिटं म्हणजे सेमिस्टरचं एक. अ‍ॅनॅटॉमीचा अर्धा भाग एकीकडे आणि अर्धा दुसरीकडे केला की युनिटं आणि अभ्यासक्रम जुळत नाहीत. जोडीचे विषय एकाच कॉलेजात संपवा.

तक्ता दरवर्षी बदलू शकतो. उतरवून घेतलेल्या कागदावर तारीख टाका आणि काउन्सेलरशी जे बोलणं होईल ते ईमेलवर लिहून घ्या. "मॅडमनी सांगितलं होतं" याला इथे किंमत नाही, "मॅडमचा हा ईमेल" याला आहे.

अ‍ॅनॅटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी

प्रीरेकमध्ये इंग्रजी, सायकॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स असं बरंच असतं. ते होऊन जातं. खरी लढाई तीन विषयांची, तिन्ही लॅबसकट. त्यांच्याआधी बहुतेक ठिकाणी एखादा प्राथमिक बायॉलॉजी किंवा केमिस्ट्रीचा विषय मागतात, आणि साखळी अशी की एक झाल्याशिवाय दुसऱ्याचं दार उघडत नाही. म्हणून तीन विषयांना तीन-चार सत्रं धरा.

जागा मिळणं हेच पहिलं कठीण. रजिस्ट्रेशनची तारीख सगळ्यांना एकच नसते, नव्या विद्यार्थ्याची सर्वांत शेवटी. ओरिएंटेशन आणि शैक्षणिक आराखडा वेळेवर पूर्ण केला की तुमची पाळी थोडी वर सरकते. तरी अ‍ॅनॅटॉमी भरलेलीच दिसेल. वेटलिस्टवर नाव लावा आणि पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसा. मी वेटलिस्टवर नववी होते. पहिल्या लॅबला चौघंजण आलेच नाहीत, पुढच्या आठवड्यात आणखी काही गळाले. सरांनी वर्गात नाव घालायचा कोड हातात दिला तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते आणि पार्किंगमध्ये येऊन मी आधी आईला फोन लावला.

आता लॅबची परीक्षा कशी असते ते सांगते, कारण आपल्याकडच्या तोंडी परीक्षेची तयारी इथे उपयोगाची नाही. टेबलं मांडलेली असतात, प्रत्येकावर हाड, मॉडेल किंवा सूक्ष्मदर्शक. हाडावर एक छोटा रंगीत ठिपका. मिनिटभर वेळ, घंटा वाजली की पुढच्या टेबलावर. ठिपक्याखाली काय आहे ते लिहायचं, अचूक स्पेलिंगसकट, आणि विचारलं असेल तर उजवं की डावं तेही. मांडीचं हाड समोर आहे, उजवं की डावं कसं ओळखाल? गोल डोकं शरीराच्या मध्याकडे येईल असं धरायचं आणि मागच्या बाजूला लांब उभी खरबरीत रेघ असते, लिनिया अस्पेरा, ती मागे करायची. मग बाजू आपोआप कळते. हे पुस्तकात वाचून बोटांना कळत नाही. ओपन लॅबच्या वेळात जाऊन हाड हातात घ्यावं लागतं, डोळे मिटून चाचपावं लागतं. मनगटाची आठ हाडं मी पोळ्या लाटताना पाठ केली, फ्रिजवर चित्र लावून. मुलगी प्रश्न विचारायची आणि माझ्या आधी तिचीच पाठ झाली.

ग्रेडबद्दल एक सापळा आहे, त्यात फार हुशार मुली अडकल्या आहेत. किमान अट बहुतेक 'सी'ची असते, म्हणून वाटतं, सध्या 'सी' घेऊ, नंतर सुधारू. नाही सुधारता येत. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात 'सी' म्हणजे उत्तीर्ण, आणि उत्तीर्ण झालेला विषय सहसा पुन्हा घेता येत नाही. 'डी' किंवा 'एफ' आला, किंवा मध्येच सोडून 'डब्ल्यू' लागला, तर पुन्हा घेता येतो, पण पहिल्यासकट एकूण तीनच संधी, आणि नर्सिंगच्या तक्त्यात या पुनरावृत्तीचे गुण कापणारी कॉलेजं आहेत. त्यामुळे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: या सत्रात 'ए' झेपणार आहे का? घरी कोणी आजारी आहे, नोकरीच्या वेळा बदलल्या आहेत, तर 'सेन्सस डेट'च्या आत, म्हणजे सत्राच्या सुरुवातीच्या ठरलेल्या तारखेच्या आत, विषय सोडा, तेव्हा 'डब्ल्यू' लागत नाही. मग पुढच्या सत्रात ताजेपणाने घ्या. अ‍ॅनॅटॉमी आणि फिजिऑलॉजी एकाच सत्रात कोंबू नका, मूल लहान असेल तर अजिबात नको.

आणखी एक, विज्ञान विषयांना काही कॉलेजं मुदत लावतात, पाच किंवा सात वर्षांची. जुनी बी.एस्सी. आहे म्हणून निर्धास्त असाल तर हा रकाना आधी बघा.

भारतातली पदवी कामाला लावा

माझ्या बी.कॉम.चा इथे काय उपयोग, असं मला वाटायचं. उपयोग होतो. तक्त्यात आधीच्या पदवीला गुण असतात, आणि पदवी मान्य झाली तर काही सामान्य विषयांतून सूटही मिळू शकते. लॅबचे विज्ञान विषय मात्र बहुतेक कॉलेजं इथलेच मागतात.

त्यासाठी नेसेस या, परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थांच्या, संघटनेच्या सदस्य संस्थेकडून मूल्यांकन करून घ्यायचं. डब्ल्यूईएस, ईसीई, आयईआरएफ ही त्यातली ओळखीची नावं. तुमचं कॉलेज यांपैकी कुणाचा अहवाल मानतं ते आधी विचारा, आणि मागवताना 'कोर्स-बाय-कोर्स' असाच मागवा, नुसता पदवीचा स्वस्तातला नको. आपली तीन वर्षांची पदवी कुणी अमेरिकन पदवीच्या बरोबरीची धरतं, कुणी तीन वर्षांचं शिक्षण म्हणून. त्यावर गुण ठरतात.

विद्यापीठातून ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सीलबंद पाकिटातली अधिकृत गुणपत्रकं, मागवायला महिने जातात, तेव्हा हे काम पहिल्याच सत्रात सुरू करा. माझं पाकीट दिराने खेटे घालून मिळवलं, आणि "सगळी वर्षं आहेत का ते बघतो" म्हणून घरी आणून मायेने उघडलं. शिक्का मोडलेलं पाकीट चालत नाही. बिचाऱ्याला पुन्हा रजा काढून जावं लागलं. भारतात जे कोणी तुमच्यासाठी धावपळ करणार आहे त्यांना आधीच सांगा: पाकीट उघडायचं नाही, आणि पाठवण्याआधी पाकिटाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढायचा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखलाही हाताशी ठेवा. मार्कशीटवरचं माहेरचं नाव आणि पासपोर्टवरचं सासरचं, हे इथल्या कारकुनाला समजावून सांगावं लागतं.

टीज

प्रवेशपरीक्षा म्हणजे टीज. १७० प्रश्न, २०९ मिनिटं, चार भाग: वाचन, गणित, विज्ञान, इंग्रजी. कॅलिफोर्नियात पार होण्याची रेघ ६२ टक्क्यांची, पण तेवढ्यावर जागा मिळत नाही, स्कोअर वाढेल तसे तक्त्यातले गुण वाढतात. ऐंशीच्या वर जायचं असं ठरवूनच बसा.

गणितात आपल्या लोकांना अडचण नसते, फक्त इंच-पाउंड-औंसची सवय करावी लागते. विज्ञानाच्या ५० प्रश्नांत शरीररचनेचा भाग मोठा असल्यामुळे अ‍ॅनॅटॉमी-फिजिऑलॉजी ताजी असतानाच परीक्षा द्या. आपण पडतो ते वाचनात. ४५ प्रश्नांना ५५ मिनिटं, आणि उताऱ्यात लिहिलं आहे तेवढ्यावरच उत्तर द्यायचं असतं, आपल्याला काय योग्य वाटतं त्यावर नाही. रोज एक उतारा घड्याळ लावून सोडवा.

आणि तयारी झाल्याशिवाय "एकदा देऊन बघू" म्हणून जाऊ नका. बऱ्याच ठिकाणी पहिल्यांदा ६२च्या वर गेलेला स्कोअरच धरतात. पहिल्या खेपेला ६५ आले तर तेच तुमचे.

आपण हातचे सोडतो ते गुण

इथे मला मनापासून बोलायचं आहे. स्वतःबद्दल सांगायला आपल्याला संकोच वाटतो. "माझ्या अडचणी कशाला लिहू", "मराठीला कोण विचारतंय" असं म्हणून आपल्या मुली ते रकाने कोरे सोडतात.

मराठीला विचारतात. कायद्यातल्या भाषांच्या यादीत स्पॅनिश, चिनी, टागालोग यांच्याबरोबर भारतीय उपखंडातल्या विविध भाषा असं स्पष्ट लिहिलेलं आहे. कारण साधं आहे: मिलपिटासच्या एखाद्या आजींना छातीत 'कसंतरी होतंय' म्हणजे नक्की काय होतंय, हे समजणारी नर्स हवी असते. पुरावा काय लागतो हे कॉलेज सांगतं. कुणाला मराठी माध्यमाची मार्कशीट चालते, कुणाला संस्थेचं पत्र लागतं. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळेत तुम्ही शनिवार-रविवार शिकवत असाल तर त्या शाळेचं पत्र मागून बघा.

परिस्थितीच्या रकान्यात कमी उत्पन्न, कुटुंबात कॉलेजात जाणारी पहिली पिढी, शिकताना नोकरी करावी लागणं, अपंगत्व, कठीण कौटुंबिक प्रसंग असे मुद्दे येतात. आई-वडील कॉलेजात गेले नसतील तर तसं लिहा. कागद जोडा आणि दोन-तीन वाक्यांत घडलं ते सांगा, त्यात रडगाणं काही नाही.

कामाच्या अनुभवासाठी सगळ्यात सरळ वाट सीएनएची, म्हणजे नर्सिंग असिस्टंटची. कॅलिफोर्नियात त्याचं शिक्षण किमान १६० तासांचं: ६० वर्गात, १०० प्रत्यक्ष रुग्णांजवळ. गुण मिळतात ते मिळतातच, पण कुणाला अंघोळ घालणं, कूस बदलणं, डायपर बदलणं आपल्याला जमतं का, हे दोन वर्षं घालवण्याआधी कळतं. सीएनएच्या नोकरीलाही परमिट लागतं. ते नसेल तर हॉस्पिटलमध्ये किंवा हॉस्पिसमध्ये (शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेतात तिथे) स्वयंसेवक म्हणून जा आणि तासांची नोंद सहीनिशी ठेवा.

फॉर्म, आणि त्यानंतरचा फोन

फॉर्मबद्दल थोडंच. खिडकी काही आठवड्यांचीच असते, सगळी ट्रान्स्क्रिप्ट त्याआधी पोचलेली हवीत, चालू सत्रातला विषय बहुधा धरत नाहीत. शेवटच्या दिवशी पाठवू नका. एक कागद कमी असला तर अर्ज बाद होतो, कळवतीलच असं नाही. दोन-तीन कॉलेजांना अर्ज करा.

उत्तर तीन प्रकारचं येतं: प्रवेश, नकार, किंवा पर्यायी यादी. नकार आला तर तुमचे गुण किती झाले ते विचारा आणि वहीतल्या तक्त्याशी ताडून पुढच्या वर्षी कुठे वाढवता येतील ते पाहा. पर्यायी यादी आली तर तयारी प्रवेश मिळाल्यासारखीच करायची, कारण फोन वर्ग सुरू होण्याच्या अगदी तोंडावर येऊ शकतो आणि तेव्हा तब्येतीचे सगळे कागद मागतात. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या यांची प्रतिकारशक्ती दाखवणारी रक्ततपासणी. हिपॅटायटिस बी, ज्याच्या डोसांना महिने लागतात. धनुर्वाताची लस, अमेरिकन हार्ट असोसिएशनचं बीएलएस (जीव वाचवण्याच्या प्राथमिक उपचारांचं) कार्ड, बोटांचे ठसे.

आणि टीबी. डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण आहे ना? त्या लसीमुळे आपली त्वचेवरची टीबी चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे, डॉक्टरची चिठ्ठी, धावपळ. सुरुवातीलाच क्वांटिफेरॉन ही रक्ततपासणी मागा, बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही. माझा दंड पाहून नर्स म्हणाली, हे काय आहे? मी सांगितलं आणि तिने सुई बाजूला ठेवून रक्ताची नळी घेतली.

मी पर्यायी यादीत होते. वर्ग सुरू व्हायला नऊ दिवस असताना फोन आला, उद्या संध्याकाळपर्यंत सगळे कागद देता येतील का? फाइल तयार होती, म्हणून "हो" म्हणता आलं. माझ्या आधीच्या क्रमांकावर जी कोणी होती, तिचा बहुधा हिपॅटायटिसचा शेवटचा डोस बाकी असावा. तेव्हा फोन आवाजावर ठेवा, अनोळखी नंबर उचला, आणि ईमेलचा स्पॅम फोल्डर ऑगस्ट संपेपर्यंत रोज बघा.